कुशीवर झोपणाऱ्याने मऊ हायब्रिड मेमरी फोमची गादी घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्यात राहता, वय ४१, वजन ६२ किलो, झोप कायम कुशीवर, आणि सकाळी उठल्यावर खांदा ठणकतो. दुकानदार म्हणतो कडक ऑर्थोपेडिकच घ्या, तुमच्या मनात भरलीय मऊ हायब्रिड मेमरी फोम (खाली स्प्रिंग, वर अंगाच्या आकारात दबणारा फोम), आणि भीती एकच, की मऊ गादीने पाठ कामातून जाईल.

घ्या. फक्त मऊ घ्या, लेचीपेची घेऊ नका. हे दोन शब्द वेगळे आहेत हे कळायला मला दोन गाद्या आणि अडीच वर्षं लागली.

आम्ही सांगलीत गावभागात राहतो. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा आमचा खालचा मजला पाण्यात होता. पाणी ओसरल्यावर घरातल्या तिन्ही कापसाच्या गाद्या बाहेर काढायच्या तर एकेका गादीला चार माणसं लागली. लग्नात माहेरहून आलेली सावरीच्या कापसाची गादीही त्यात गेली. रस्त्याच्या कडेला जो चिखलाने माखलेल्या संसाराचा ढीग पडला होता, त्यात सगळ्यात जास्त काय असेल तर गाद्याच. मग नवीन घेणं आलं.

पहिली घेतली ती निव्वळ मेमरी फोमची, आठ इंची. दुकानात पंजा दाबून उचलला, तर ठसा तसाच राहिला आणि चार-पाच सेकंदांनी हळूहळू भरून आला. मी तिथेच भाळले. वर दुकानदार म्हणतो, "वहिनी, नासाची गादी आहे, अंतराळवीर झोपतात यावर." (झोपत नाहीत. हा फोम १९६६ मध्ये चार्ल्स योस्ट यांनी नासाच्या एम्स संशोधन केंद्रासाठी केलेल्या कामातून निघाला, तोही विमानातल्या सीटसाठी. गाद्यांत तो बऱ्याच वर्षांनी आला.)

पहिले चार महिने स्वर्ग. मग एप्रिल आला. मेमरी फोम अंगाच्या उबेने मऊ पडतो, तोच त्याचा गुण आणि तोच दोष. गार हवेत कडक, उकाड्यात ढिला. सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि पश्चिमेची भिंत रात्री अकरालाही गरम लागते. त्यात आमच्या ह्यांचं वजन ८८ किलो. रात्री दोनपर्यंत ते असे रुतलेले असायचे की गादीत मधोमध खळगा, आणि मी ५४ किलोची त्या उतारावरून घरंगळत त्यांच्या पाठीला. रुतलं की फोम चारी बाजूंनी अंगाला लागतो, वाऱ्याला वाट राहत नाही. कूस बदलायची तर ओल्या वाळूतून निघाल्यासारखं वाटायचं. दोघांच्याही झोपेचं खोबरं. वर्ष होतं न होतं तोच तो खळगा दिवसासुद्धा भरेनासा झाला. वॉरंटी कार्ड काढलं, तर त्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं: अमुक खोलीपेक्षा कमी खचली असेल तर दावा चालणार नाही, आणि गादीवर डाग असेल तर मुळीच नाही. आमच्या गादीवर चहाचा डाग होता. विषय संपला.

त्या गादीची चिरफाड आमच्या ओळखीच्या गादीवाल्या काकांनी केली. पिढीजात पिंजारी, आता धनुकली भिंतीला टांगलेली आणि पिंजण मशीनवर. त्यांनी खोळ उसवली, वरचा थर ओढून काढला, दोन्ही हातांवर तोलला आणि म्हणाले, "ताई, ह्याला वजनच न्हाई की!" डेन्सिटी म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो भरतं तो आकडा. दुकानात "४० डेन्सिटी, म्हणजे कडक" असं सर्रास सांगतात, ते चूक आहे. ५० डेन्सिटीचा फोम लोण्यासारखा मऊ असू शकतो आणि ३० चा पाटासारखा कडक. डेन्सिटीवरून अंदाज येतो तो गादी किती वर्षं तग धरेल याचा. हिशेब करून बघा: ७८ बाय ७२ इंचाच्या गादीत दोन इंची मेमरी फोम ५० डेन्सिटीचा असेल तर त्या एका थराचंच वजन नऊ किलोच्या वर जातं; ३० चा असेल तर साडेपाचवर थांबतं. हाताला दोन्ही सारखेच मऊ लागतात, म्हणून तर फसगत होते. तेव्हा "किती इंची?" एवढ्यावर थांबू नका. कुठला थर किती इंच आणि किती डेन्सिटीचा, हे बिलावर लिहून मागा. मेमरी थर ५० च्या आसपासचा, त्याखालचा साधा फोम ३२ ते ४० चा, असं मी बघेन. लिहून द्यायला कां-कूं करणाऱ्याकडून मी तरी घेणार नाही.

आता कडक ऑर्थोपेडिकचं. तिच्या पोटात बहुतेक वेळा रीबॉन्डेड फोम असतो, म्हणजे फोमची कातरणं चिकटवून, दाबून केलेली लादी. वाईट नसते, टिकतेही. पण ऑर्थोपेडिक हा शब्द खोळीवर कुणीही छापू शकतो. आणि "पाठीला कडकच बरं" हे आपल्याकडे घरोघरी इतकं मुरलंय की मऊ गादी मागणारा ऐदी ठरतो. २००३ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास आला होता. जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांपैकी काहींना कडक आणि काहींना मध्यम कडक गादी ९० दिवस दिली. मध्यम कडकवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं. अर्थात मणक्याची गादी सरकलीय, पायात कळ जाते असं काही असेल तर माझं सोडा, डॉक्टरांना विचारा.

तुमचं दुखणं खांद्याचं आहे आणि झोप कुशीवरची, म्हणून तुम्हाला मऊपणा हवाच. कुशीवर सगळा भार खांद्यावर आणि खुब्यावर येतो. तिथे गादी आत गेली नाही तर खांदा चेपतो, हाताला मुंग्या येतात आणि कंबर अधांतरी राहते. उलट सगळीकडेच आत गेली तर खुबा बुडतो आणि कण्याची झोळी होते. म्हणजे वरचे दोनेक इंच दबणारे हवेत आणि त्यांच्याखाली धरून ठेवणारं काहीतरी हवं. हायब्रिडमध्ये हे धरण्याचं काम पॉकेट स्प्रिंग करतात. प्रत्येक स्प्रिंग आपापल्या कापडी पिशवीत बसलेली असते. खुब्याखालची दबते, कमरेखालची उभी राहते. जुन्या बॉनेल स्प्रिंगच्या गादीत सगळ्या तारेने एकमेकींत अडकवलेल्या असायच्या. एकीला धक्का लागला की सगळं गाव जागं, वर करकर निराळी. आमची दुसरी गादी ही पॉकेट स्प्रिंगची हायब्रिड. आता आमचे हे पहाटे साडेचारला उठून आमराईत फिरायला जातात ते मला कळतही नाही. शिवाय स्प्रिंगांमधून हवा खेळते, त्यामुळे निव्वळ फोमपेक्षा उकडतं कमी.

एक सावधगिरी. हायब्रिड नावाला काही धरबंध राहिलेला नाही. दोन रंगांचे फोम एकावर एक चिकटवले तरी हायब्रिड म्हणून विकतात. सरळ विचारा, आत पॉकेट स्प्रिंग आहे का, आणि कापलेला नमुना दाखवायला सांगा. मेमरी थर दीड-दोन इंचांपेक्षा जाड नको. तुमच्या ६२ किलोंना तेवढा पुष्कळ. मात्र शेजारी झोपणारं माणूस ऐंशी-नव्वदचं असेल (ते तुम्ही लिहिलेलं नाही) तर मऊऐवजी मध्यम गादी घ्या आणि फक्त तुमच्या बाजूला मऊ टॉपर (गादीवर अंथरायचा पातळ थर) टाका. आणि गादीच्या कडेवर बसून बघा. कड लगेच दबून खाली सरकायला होत असेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना उठताना त्रास होतो.

दुकानात हाताने दाबून काही कळत नाही. चपला काढा, आपल्या सवयीच्या कुशीवर पडा आणि निदान पंधरा मिनिटं पडून राहा. लाज वाटते, माहीत आहे. बरोबरच्या माणसाला कमरेखालून हात सारायला सांगा. हात आरपार जात असेल तर गादी तुम्हाला कडक. बोटंही शिरत नसतील आणि खुबा खाली गेलेला दिसत असेल तर ती लेचीपेची. आणखी एक भरवशाचा उपाय आमच्या मुलीने काढला. बाबांच्या बनियनवर मानेपासून कमरेपर्यंत कण्याच्या रेघेवर माझ्या सात टिकल्या चिकटवल्या, त्यांना कुशीवर झोपवलं आणि मागून फोटो काढला. जुन्या गादीवर टिकल्यांची ओळ गोफणीसारखी खाली लोंबलेली. नवीन हायब्रिडवर जवळजवळ सरळ. हे मात्र घरी करा, दुकानात टिकल्या लावू नका!

शोरूम एसी असेल तर हेही लक्षात ठेवा, की तिथे मेमरी फोम असतो त्यापेक्षा कडक लागतो. "अगदी बरोबर मऊ" वाटलेली गादी मेमध्ये घरी जास्तच मऊ लागेल. साताऱ्यात उलटंही होईल: जानेवारीच्या थंडीत अंग टाकताच फळीवर पडल्यासारखं वाटेल, दहा-पंधरा मिनिटांत ती सैल होते. तेवढ्यावरून परत पाठवू नका. जेल घातलेला फोम थंड राहतो म्हणतात. पाठ टेकताना गार लागतो खरा, पण पहाटेपर्यंत तो गारवा काही पुरत नाही. जेलसाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

ऑनलाइन घेणार असाल तर बऱ्याच कंपन्या १०० रात्री वापरून बघायला देतात. उघडलेली गादी पुन्हा त्या खोक्यात जात नाही, तेव्हा परत न्यायला माणूस तुमच्या पिनकोडवर येतो का, हे आधी विचारा. पहिले दोन दिवस वास येतो. खिडक्या उघड्या ठेवून गादी तशीच पसरून ठेवा.

नवी गादी आल्यावर माझी मान आखडली. आठवडाभर मी गादीला शिव्या दिल्या. दोष उशीचा होता. गादी मऊ झाली की खांदा आत जातो, म्हणजे कान आणि गादी यांतलं अंतर कमी होतं, आणि जुनी जाड उशी डोकं वर ढकलत राहते. उशीची खोळ उसवून तीन-चार मुठी कापूस काढला, दोन रात्रींत मान सुटली.

पलंग हायड्रॉलिक (वरचा भाग उचलून खाली सामान ठेवायचा) असेल तर वरच्या प्लायला भोकं आहेत का बघा. तुमच्याकडचा पाऊस आमच्यापेक्षा जास्त. हवा लागली नाही तर खालून बुरशी धरते. नसतील तर सुताराला बोलावून पाडून घ्या, अर्ध्या तासाचं काम. लोखंडी पट्ट्यांची कॉट असेल आणि पट्ट्यांत चार बोटांपेक्षा जास्त फट असेल तर वर प्लाय टाका. गादी दर तीन-चार महिन्यांनी डोक्याकडची पायाकडे फिरवा. उलटी करायची नसते, मेमरी थर एकाच बाजूला असतो. आणि पहिल्या दिवसापासून वॉटरप्रूफ कव्हर घाला. चहा आमच्याकडेच सांडतो असं नाही.

ऊन मात्र दाखवू नका. आमच्या सासूबाईंनी आयुष्यभर मार्गशीर्षात गाद्या गच्चीवर टाकल्या, काठीने बडवल्या. हायब्रिड आल्यावर एकदा मी घरी येईपर्यंत त्यांनी शेजारच्या दोन पोरांना हाताशी धरून नवीन गादी जिन्यावरून वर चढवायला घेतली होती. स्प्रिंगची गादी, चाळीसेक किलो, वळणावर अडकलेली, मधून वाकायच्या बेतात. "उन्हाशिवाय गादी म्हणजे काय गं?" त्यांचं कापसापुरतं बरोबरच आहे, कापूस उन्हात फुलतो. फोम उन्हाने पिवळा पडतो आणि भुसभुशीत होतो. शेवटी तडजोड झाली. त्या स्वतः वाकळ टाकून खाली झोपतात, आणि वाकळ रोज गच्चीवर जाते.

मागवायच्या आधी पलंगाचं माप आतून घ्या, टेप लावून, दोन्ही टोकांना. सुताराने केलेला पलंग ठरलेल्या मापाचा निघेलच असं नाही. आमचा आतून ७४ बाय ५९ भरला, आणि मी न मोजता ७५ बाय ६० मागवून बसले. गादी कशीबशी कोंबली, पण चादर खोचताना अजून बोटं सोलतात.