फेरी आठवडाभर का रेंगाळते?

प्रश्न: आम्ही पाचजण ‘म्यूटंट्स अँड मास्टरमाइंड्स’ (तिसरी आवृत्ती) हा सुपरहिरोंचा भूमिका-खेळ लेखी संदेशांतून खेळतो. मारामारीची एक फेरी आठवडा खाते. काय करावे?

उत्तर: वेळ जातो तो हल्ल्यानंतर समोरच्याच्या फाशांची वाट बघण्यात. खलनायकाचे डिफेन्स (हल्ला चुकवण्याचा आकडा) आणि टफनेस (मार सोसण्याचा आकडा) सरळ उघड करा, हल्ल्याचे आणि टफनेसचे असे दोन्ही फासे हल्लेखोरालाच टाकू द्या. हल्ल्याचा डॅमेज रँक (माराची ताकद) 10, म्हणजे टफनेस फाशांनी गाठायचे लक्ष्य 25. फाशात टफनेस धरून 22 आले, तर खलनायकाच्या पुढच्या टफनेस फाशांना उणे 1. तेही हल्लेखोरानेच लिहावे. रहस्य थोडे कमी होते, पण खेळ जिवंत राहतो.

इनिशिएटिव्हचा (कोणाची चाल कधी, याचा) क्रम मोडा: आधी सगळे हिरो, जो आधी लिहील तो आधी, मग खलनायक. एखाद्या खेळाडूचे 48 तासांत उत्तर नाही, तर त्याची चाल सूत्रधाराने (खेळ चालवणाऱ्याने) खेळावी. हिरो पॉइंट (अडचणीत फासे पुन्हा टाकण्यासारख्या मदतीसाठी खर्चायचा गुण) कधी खर्चायचा, हे प्रत्येकाकडून आधीच लिहून घ्या.