मागे पडण्याची भीती घेऊन आलेला डेव्हलपर

"मॅडम, रोज काहीतरी नवीन येतंय आणि मी मागे पडतोय." सॉफ्टवेअरमधली माणसं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा हे वाक्य हमखास येतं. पंचविशीतली मुलंमुली म्हणतात, चाळिशीतले जास्त म्हणतात. माझं उत्तर मी एका अनुभवातून सांगते. ज्यांचा हा अनुभव आहे त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

हे गृहस्थ फ्रंटएंड डेव्हलपर (वेबसाइटचा वापरणाऱ्याला दिसणारा भाग लिहिणारे), टीममध्ये सगळ्यांत अनुभवी. आले ते झोपेची तक्रार घेऊन. रात्री घरातले झोपले की ते मोबाइल उघडायचे आणि नवं फ्रेमवर्क (प्रोग्राम उभारण्याचा तयार सांगाडा), नवं एआय टूल, कोणी काय सोडून काय वापरायला लागलं, याचे व्हिडिओ आणि पोस्ट एक-दीड वाजेपर्यंत पाहत राहायचे. विकत घेतलेले ऑनलाइन कोर्स बरेच होते, शेवटपर्यंत गेलेला एकही नव्हता. "जागतो ते शिकण्यासाठी, पण सकाळी विचाराल तर काही सांगता येणार नाही," असं ते म्हणाले.

ही भीती कधीपासूनची, असं मी विचारलं. त्यावर क्षणाचाही विचार न करता ते म्हणाले, "फ्लॅश गेलं तेव्हापासून."

त्यांची सुरुवात फ्लॅशमध्ये, म्हणजे वेबपानांवर ॲनिमेशन आणि खेळ चालवणाऱ्या तंत्रज्ञानात, झाली होती. ॲक्शनस्क्रिप्ट या त्याच्या भाषेवर चांगली पकड होती, लोक त्यांना विचारायला यायचे. २०१० मध्ये ॲपलने आयफोनवर फ्लॅश का चालू देणार नाही ते जाहीरपणे सांगितलं आणि कामं आटायला लागली. २०१७ मध्ये ॲडोबीने फ्लॅश बंद करण्याची घोषणा केली, २०२० संपताना ते खरोखरच बंद झालं. त्याच्या बरंच आधी हे जावास्क्रिप्ट या वेबच्या भाषेकडे वळून अँग्युलरजेएस या फ्रेमवर्कमध्ये रुळले होते. मग २०१६ मध्ये अँग्युलरची नवी आवृत्ती आली ती जुन्याशी न जुळणारी, आणि अँग्युलरजेएसचा सपोर्टही २०२१ अखेर संपला. रिॲक्ट हे तशाच कामाचं दुसरं साधन हाताशी बसतंय तोवर २०१९ मध्ये त्यात हुक्स ही नवी सोय आली आणि कंपोनंट, म्हणजे स्क्रीनचे सुटे भाग, लिहिण्याची पद्धत बदलली. २०२२ च्या शेवटी चॅटजीपीटी आलं, तेव्हापासून त्यांची झोप उडाली.

ज्या माणसाच्या हातातलं कसब दोनदा बाजारातून उठलं, त्याला ‘उगाच काळजी करता’ असं सांगणं अन्याय होईल. मी तसं म्हटलं नाही. मात्र एक प्रश्न विचारला: फ्लॅशमधून जावास्क्रिप्टमध्ये जाताना काय काय पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागलं? ते बराच वेळ आठवत राहिले. ॲक्शनस्क्रिप्ट आणि जावास्क्रिप्ट दोन्ही एकमास्क्रिप्ट या प्रमाणित भाषेच्याच घराण्यातल्या, त्यामुळे भाषेचा सांगाडा ओळखीचा होता. इव्हेंट कसे चालतात, स्क्रीनवरची हालचाल कशामुळे अडखळते, मेमरी कुठे गळते (काम झाल्यावरही मोकळी होत नाही), बग शोधताना आधी काय वगळायचं, सर्व्हरकडून उत्तर उशिरा आलं तर वापरणाऱ्याला काय दाखवायचं, हे सगळं त्यांनी बरोबर नेलं होतं. बदललं होतं ते वरचं आवरण, आणि त्याला काही महिने लागले होते. हे स्थलांतर त्यांनी स्वतःच्या जमेच्या बाजूला कधी मांडलंच नव्हतं.

तंत्रज्ञानाचे थर एकाच वेगाने बदलत नाहीत, ही गोष्ट मी प्रत्येकाशी बोलते. रिलेशनल डेटाबेसची (माहिती तक्त्यांत साठवण्याची) मूळ कल्पना एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली, त्यातून माहिती काढण्याची भाषा एसक्यूएल त्याच दशकातली, आणि आजही नवा डेव्हलपर पहिल्याच नोकरीत एसक्यूएल लिहितो. एचटीटीपी (वेबपानं मागवण्याचा नियमसंच) १९९० च्या सुमाराचं, जावास्क्रिप्ट १९९५ चं, गिट (कोडमधले बदल नोंदवणारं साधन) २००५ चं. फ्रेमवर्क आणि टूल्स मात्र काही वर्षांत कूस बदलतात. ज्याचा सगळा वेळ वरच्या थराच्या बातम्यांत जातो त्याला जमीन सतत हलते आहे असंच वाटणार.

पुढच्या भेटीसाठी मी त्यांना यादी करायला सांगितली: आपल्याला येत नाही म्हणून भीती वाटते अशा सगळ्या गोष्टी. यादी पानभर झाली. रस्ट होतं, कुबरनेटीस होतं, वेबअसेंब्ली, व्हेक्टर डेटाबेस, आणि कितीतरी नावं. मग प्रत्येक नावापुढे एकच गोष्ट लिहायची होती: गेल्या काही महिन्यांत हे येत नसल्यामुळे तुमचं कोणतं काम अडलं? उत्तरं दोनच निघाली. टाइपस्क्रिप्ट या जावास्क्रिप्टच्या विस्तारातले गुंतागुंतीचे टाइप (माहितीच्या प्रकारांची वर्णनं) त्यांना वाचता येत नव्हते, आणि कोड लिहून देणारं एआय टूल टीममध्ये सगळे वापरत होते, हे वापरत नव्हते.

हे दुसरं उत्तर देताना त्यांचा आवाज बदलला. कोड रिव्ह्यूमध्ये, म्हणजे एकमेकांचा कोड तपासताना, टीममधली एक तरुण मुलगी म्हणायची, "हे मी टूलकडून करून घेतलं," आणि हे मान डोलवायचे. टूल कसं वापरतात, हे तिला विचारलं असतं तर काही मिनिटांचं काम होतं. ते न विचारता त्यांनी रात्रीच्या रात्री व्हिडिओ पाहून घालवल्या होत्या.

माझ्या मते खरी गाठ इथे होती. या तक्रारीत तीन निरनिराळ्या भीती एकमेकींत गुंतलेल्या असतात: नोकरी जाईल ही, खरोखरच काही येत नाही ही, आणि धाकट्यांसमोर आपलं न येणं उघडं पडेल ही. अभ्यासाने फक्त मधली कमी होते. नोकरीच्या भीतीला पैशांचं नियोजन लागतं, ओळखी लागतात. तिसरीवर तर कोर्सचा उलटाच परिणाम होतो, कारण लपून शिकण्याची सवय पक्की होत जाते. अनुभवी लोकांमध्ये ही तिसरी भीती मला सर्वांत जास्त दिसते. ‘सीनियर’ म्हटलं की सगळं आलंच पाहिजे, ही अट त्यांनी स्वतःवर घातलेली असते आणि ती फार क्रूर आहे.

व्हिडिओंबद्दलही थोडं सांगायला हवं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून झाल्यावर न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे. आणि आपल्याला हे लक्षात राहील हा विश्वास मात्र पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच जास्त होता. दुसऱ्याला सफाईने कोड लिहिताना पाहून आपल्यालाही कळलं असं वाटतं, ते याच जातीचं. म्हणून मी त्यांना सांगितलं की कोर्स बघायचाच असेल तर तुकडा संपल्यावर तो बंद करा, कोरी फाइल उघडा आणि तेवढंच स्वतः लिहून बघा. अडाल तिथेच शिकणं सुरू होईल.

बातम्या आम्ही बंद केल्या नाहीत, त्यांना जागा ठरवून दिली. आठवड्यातून एकदा, दिवसाउजेडी, आणि आधी आपण वापरतो त्या गोष्टींच्या अधिकृत रिलीज नोट्स (नव्या आवृत्तीत काय बदललं त्याची टिपणं). बाकी नावं एका कागदावर टिपून ठेवायची. काही महिन्यांनी तेच नाव कामाच्या संदर्भात पुन्हा समोर आलं तर बघायचं, नाही तर सोडून द्यायचं. झोपण्याच्या खोलीत मोबाइल न्यायचा नाही, हे सगळ्यांत अवघड गेलं.

शिकण्यासाठी कामाच्या वेळेतून वेळ मागा, यावर मी अडून बसले. कंपनीच्या गरजेचं ज्ञान माणसाने कायम झोपेतून आणि घरच्यांच्या वाट्याच्या वेळेतून कमवावं, हे मला पटत नाही. त्यांनी मॅनेजरकडे स्प्रिंटमध्ये (कामाच्या एका ठरावीक टप्प्यात) अर्धा दिवस मागितला. मिळाले दोन तास, पण हक्काचे.

त्या मुलीला विचारायला मात्र त्यांना बरेच आठवडे लागले. भेटीत आम्ही ते वाक्य मोठ्याने म्हणून पाहायचो: "मी हे टूल अजून वापरलेलं नाही, जरा शेजारी बसून दाखवशील?" शेवटी एकदा ते बोलले. ती खुर्ची ओढून बसली आणि दाखवायला लागली. तेव्हाच त्यांची नजर टूलने लिहिलेल्या एका कंपोनंटवर गेली. यूजइफेक्ट या हुकमध्ये विंडोवर लिसनर (ठरावीक घटना घडली की चालणारा कोड) लावला होता, कंपोनंट निघून जाताना तो काढून टाकणारं क्लीनअप फंक्शन नव्हतं. स्क्रीन उघडमीट करत राहिलं की लिसनर साचत जाणार. फ्लॅशमध्येही न काढलेले लिसनर मेमरी धरून ठेवायचे आणि त्यांनी तसले बग निस्तरण्यात कित्येक दिवस घालवले होते. त्यांना ते वाचताक्षणी दिसलं, तिला दिसलं नव्हतं. मग तिने त्यांना टूलला नेमका संदर्भ कसा पुरवायचा ते शिकवलं, त्यांनी तिला ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये मेमरीचा स्नॅपशॉट (त्या क्षणी मेमरीत काय आहे त्याची नोंद) कसा वाचायचा ते.

त्यानंतर त्यांची काळजी नाहीशी झाली असं मी म्हणणार नाही. एखादं मोठं एआय मॉडेल जाहीर झालं की त्यांची एखादी रात्र अजूनही बिघडते. टाइपस्क्रिप्टचा प्रश्न मात्र त्या दोन तासांत, प्रत्यक्ष वापरात असलेल्याच एका मॉड्यूलवर काम करत, बराचसा सुटला. कोर्स त्यांनी नव्याने घेतलेले नाहीत.

हाच उपाय सगळ्यांना लागू पडत नाही. ज्यांच्या कामात वर्षानुवर्षं जुनंच चालू आहे आणि नवं वापरून बघायला वावच नाही, त्यांची भीती रास्त असते. त्यांनी आपल्या कामाला लागून असलेली एकच गोष्ट निवडून छोटं, पण कोणीतरी खरोखर वापरेल असं काही बनवावं आणि जोडीने नोकरी बदलण्याची तयारीही सुरू करावी. झोप आणि भूक बरेच आठवडे बिघडलेली असेल, छातीत धडधडत असेल, तर तंत्रज्ञानाचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना भेटावं.