ठाण्यात कोंबुचा आणि आल्याच्या सोड्याचे सामान: दुकानातून घ्यावे की ऑनलाइन मागवावे?

तुमचा प्रश्न असा आहे की, घोडबंदर रोडला राहून घरी कोंबुचा (गोड चहा आंबवून केलेले पेय) आणि आल्याचा सोडा करायचा आहे, हात बसला की पुढे बिअरही करून पाहायची आहे, तर त्यासाठी ऑनलाइन मिळणारे तयार किट मागवावे की ठाण्यातल्या दुकानांतून सुटे सामान जमवावे. मी नौपाड्यात राहते आणि गेली सहा वर्षे घरी कोंबुचा करते. या काळात दोन्ही मार्गांनी सामान घेतले आणि दोन्ही मार्गांत पैसेही वाया गेले, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझे मत असे की किट मागवू नये. बरणी, बाटल्या, चहा, साखर आणि आले स्वतः दुकानात जाऊन, हातात घेऊन, पाहून आणावे. मोजमापाची साधने ऑनलाइन मागवावी. आणि ज्याच्यावर सगळे अवलंबून आहे ते विरजण, म्हणजे स्टार्टर, शक्यतो आधीपासून कोंबुचा करणाऱ्या माणसाकडून मागून आणावे.

बिअरचा विषय आधी संपवते. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे आणि ते स्वतःच्या स्वयंपाकघरात, स्वतःपुरते केले म्हणून सुटका होत नाही. ऑनलाइन दुकानांत बिअर किट सहज विकत मिळते, त्यामुळे ते वापरणेही कायदेशीरच असेल असा अनेकांचा समज होतो. तो चुकीचा आहे. कोंबुचात किण्वनामुळे, म्हणजे आंबण्यामुळे, थोडे अल्कोहोल तयार होतेच, घरच्या कोंबुचात कधीकधी अर्धा टक्क्यापेक्षा जास्तही, आणि बंद बाटलीत उबेला जास्त दिवस राहिल्यास ते वाढते. घरात लहान मुले, गर्भवती स्त्री किंवा अल्कोहोल पूर्ण वर्ज्य असलेले कोणी असेल तर त्यांना ही गोष्ट आधी सांगावी.

आता बरणी. पाच लिटरची रुंद तोंडाची काचेची बरणी जांभळी नाक्याच्या बाजारात भांड्यांच्या दुकानांतून मिळते आणि ती तिथूनच घ्यावी, असा माझा आग्रह आहे. आपल्याकडे मडके वाजवून घेण्याची रीत आहे, ती काचेलाही तितकीच लागू पडते. बरणी उजेडाकडे धरून आत केसासारखी चीर किंवा मोठा बुडबुडा आहे का ते पाहावे, काठावरून बोट फिरवावे, बोटाच्या सांध्याने हलके वाजवावे. आवाज बद्द आला तर दुसरी मागावी. दुकानदार याला हरकत घेत नाही, तोच तीन-चार काढून समोर ठेवतो. कुरिअरने आलेली बरणी फुटलेली असेल तर निदान ते लगेच कळते, परंतु वाटेत सूक्ष्म चीर गेलेली बरणी पहिल्या कोमट चहाबरोबर तळातून निखळते आणि पाच लिटर गोड चहा ओट्यावर पसरतो. ही काच साधी असते, प्रयोगशाळेतल्या काचेसारखी उष्णता सहन करणारी नसते. म्हणून चहा छोट्या पातेल्यात कडक करावा, उकळून गार केलेल्या पाण्याने तो वाढवावा आणि हाताला अजिबात ऊन लागत नाही अशा स्थितीतच बरणीत ओतावा.

ऑनलाइन चित्रांत खाली नळ असलेल्या बरण्या फार सुंदर दिसतात. त्यांचा नळ अनेकदा मुलामा दिलेल्या हलक्या धातूचा असतो. तयार कोंबुचाचा पीएच (आंबटपणाचे माप, आकडा जितका कमी तितके पेय आंबट) तीनच्या आसपास, म्हणजे तो चांगलाच आंबट असतो. त्यात हा मुलामा काही आठवड्यांत सुटतो आणि धातू पेयात उतरतो. नळ हवाच असेल तर तो खाद्यपदार्थांसाठीच्या प्लास्टिकचा किंवा चांगल्या स्टेनलेस स्टीलचा आहे याची खात्री करावी. पितळ, तांबे आणि अॅल्युमिनियमची भांडी याच कारणासाठी पूर्ण टाळावीत. लोणच्याच्या चिनी मातीच्या जुन्या बरणीचा मोह मलाही झाला होता, पण तिच्या चकाकीत शिसे आहे की नाही हे घरी ओळखता येत नाही, म्हणून मी ती वापरत नाही.

बाटल्यांच्या बाबतीत मात्र दुकानातल्या खरेदीनेच मला धडा शिकवला. दुसऱ्या वर्षी मी जवळच्या एका दुकानातून तारेच्या चापाच्या झाकणाच्या सहा चौकोनी बाटल्या आणल्या. त्या सरबतासाठी किंवा तेलासाठी केलेल्या होत्या, हे मी विचारले नाही आणि दुकानदारानेही सांगितले नाही. मे महिन्यात आल्याचा रस घालून दुसऱ्या किण्वनासाठी, म्हणजे बाटलीत बंद करून वायू धरण्यासाठी, त्या ओट्यावर ठेवल्या आणि तिसऱ्या दिवशी पहाटे त्यांतली एक फुटली. काचेचे तुकडे दाराजवळच्या पायपुसण्यापर्यंत गेले होते. त्या वेळी स्वयंपाकघरात कोणी नव्हते, हे केवळ नशीब. बंद बाटलीत वायूचा दाब सगळीकडे सारखा पडतो, पण चौकोनी बाटलीच्या कोपऱ्यांवर ताण एकवटतो आणि तिथूनच काच जाते. जुन्या गोटी सोड्याची बाटली गोल आणि इतकी जाड का असे, हे त्या दिवशी मला नीट उमगले. तेव्हा बाटली गोल, जाड आणि वायूयुक्त पेयांसाठीच बनवलेली असावी. अशी बाटली दुकानात नक्की ओळखता येत नसेल, तर बाटल्या ही एक वस्तू ऑनलाइन घ्यायला माझी हरकत नाही. मात्र वर्णनात दाबाचा किंवा वायूयुक्त पेयाचा स्पष्ट उल्लेख असेल तरच घ्यावी. पहिल्या दोन-तीन खेपांना तर सोड्याच्या रिकाम्या, स्वच्छ धुतलेल्या प्लास्टिकच्या बाटल्याच वापराव्यात. त्या दाबून पाहता येतात, कडक लागल्या की फ्रिजमध्ये टाकता येतात, आणि त्यासाठी खर्च काहीच येत नाही.

आता विरजणाकडे येते, कारण नवीन माणूस सर्वांत जास्त इथेच फसतो. कोंबुचाच्या पृष्ठभागावर जाड, गुळगुळीत चकतीसारखा जो थर येतो त्याला स्कोबी म्हणतात, आणि ऑनलाइन विक्रेते तीच चकती विकतात. वास्तविक ती चकती म्हणजे जिवाणूंनी विणलेला सेल्युलोजचा थर असतो. काम करणारे जिवाणू आणि यीस्ट तिच्याइतकेच, किंबहुना अधिक उपयोगी रूपात, सोबतच्या आंबट द्रवात असतात. नवीन गोड चहात या द्रवाचे प्रमाण किमान दहा टक्के हवे, म्हणजे एका लिटरला १०० मिली, आणि पहिल्या खेपेला मी १५० ते २०० मिली घालते. त्यामुळे सुरुवातीचा पीएच ४.५ च्या खाली उतरतो आणि बुरशीला वाव राहत नाही. मी सर्वांत पहिली स्कोबी ऑनलाइन मागवली होती. एप्रिलच्या उन्हात पाच दिवस प्रवास करून ती हवाबंद पिशवीत आली, आणि पिशवीत द्रव जेमतेम दोन चमचे होता. पाचव्या दिवशी बरणीत हिरवट, कोरडी, लव असलेली बुरशी धरली. अशी बुरशी दिसली की वरवर काढून चालत नाही. द्रव आणि चकती दोन्ही टाकून द्यावी लागतात. तपकिरी तंतू किंवा पांढरा ओलसर पापुद्रा दिसला तर घाबरू नये, ते यीस्टचे आणि नव्या थराचे लक्षण असते.

त्यानंतर माझ्याच इमारतीतल्या एका काकूंकडून मी वाटीभर आंबट कोंबुचा आणि बोटभर थर आणला, जसे दह्यासाठी शेजारून विरजण आणतो तसाच. त्याच विरजणावर माझी बरणी आजवर चालू आहे. त्याचे कारण साधे आहे: ते विरजण ठाण्याच्याच उबेत, इथल्याच चहावर आणि इथल्याच पाण्यावर वाढलेले होते, आणि बरणीतून निघून अर्ध्या तासात माझ्या बरणीत पोहोचले होते. ओळखीत कोणी नसेल तर दुसरा मार्ग आहे. थंड कपाटात ठेवून विकला जाणारा, पाश्चरीकरण न केलेला आणि चव न घातलेला बाटलीबंद कोंबुचा दुकानातून आणावा, लेबल वाचून खात्री करावी, आणि संपूर्ण बाटली तेवढ्याच गोड चहात घालून सुती कापडाने झाकून ठेवावी. आपल्याकडच्या हवेत दोन ते तीन आठवड्यांत वर नवा थर धरतो. वेळ लागतो, पण स्कोबी आतून जिवंत आहे की नाही ही शंका राहत नाही.

आल्याच्या सोड्याला तर विकतचे विरजण लागतच नाही. सालीसकट किसलेले ताजे आले आणि साखर रोज एकेक चमचा पाण्यात घालत गेल्यास सालीवरचे यीस्ट जागे होते. पुस्तकांत आठवडा सांगतात, ठाण्यात उन्हाळ्यात तिसऱ्या-चौथ्या दिवशीच बुडबुडे येतात. त्यासाठी भाजीवाल्याकडचे मातीचा वास असलेले सातारी आले उत्तम. फार चकचकीत, धुऊन गुळगुळीत केलेल्या आल्याने माझे विरजण दोनदा उठलेच नाही. कोरडे यीस्ट वापरायचे असेल तर ते जिथून घ्याल तिथे कसे साठवले आहे ते पाहावे. बेकरीचे सामान विकणाऱ्या ज्या दुकानात पाकीट फ्रिजमधून काढून देतात ते दुकान चांगले. जिथे ते काउंटरवर उन्हात टांगलेले असते तिथून तारीख कितीही पुढची असली तरी घेऊ नये. उन्हाळ्यात कुरिअरने मागवलेल्या यीस्टला हाच नियम लावला, तर ते ऑक्टोबरनंतरच मागवणे शहाणपणाचे ठरते.

चहा आणि साखर यांसाठी वेगळा विचार करावा लागत नाही. सुटी चहापूड विकणाऱ्या दुकानातून कोणताही सुगंध न घातलेला साधा काळा चहा घ्यावा. मसाला चहातले आणि सुगंधी चहातले तेलकट अंश विरजणाला मानवत नाहीत. सीटीसी, म्हणजे दाणेदार, चहा लवकर कडू होतो, म्हणून लिटरला पाच-सहा ग्रॅम पुरे, आणि साखर साठ ते सत्तर ग्रॅम. साखर मध्यम दाण्याची (एम-३०) असो वा बारीक दाण्याची (एस-३०), चवीत फरक पडत नाही. वर्षभराचा साठा एकदम करायचा असेल तर ठाण्याहून ट्रान्स-हार्बर गाडीने तुर्भ्याला उतरून वाशीच्या घाऊक बाजारात जाता येते, पण एका बरणीपुरती साखर लागते ती पाहता तो खटाटोप मी कोणाला सांगणार नाही. नळाच्या पाण्यातले क्लोरीन दहा-पंधरा मिनिटे उकळल्याने निघून जाते, तेव्हा महागडे पाणी विकत घेऊ नये. झाकण्यासाठी जुन्या सुती धोतराचे दुपदरी कापड आणि रबर पुरते. जाळीदार मलमल मात्र नको, कारण पावसाळ्यात चिलटे तिच्या छिद्रांतून सहज आत जातात.

ऑनलाइन काय घ्यावे, तर पीएच मोजण्याच्या अरुंद पल्ल्याच्या पट्ट्या. प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या दुकानात मागितल्या तर बहुधा १ ते १४ अशा सर्व पल्ल्याच्या पट्ट्या मिळतात, आणि त्यांवर तीन व चार यांच्या रंगातला फरक डोळ्याला नीट कळत नाही. आपल्याला नेमका तोच फरक हवा असतो, म्हणून २.५ ते ४.५ अशा पल्ल्याच्या पट्ट्या शोधाव्यात. मुंबईला जाणे होत असेल तर प्रिन्सेस स्ट्रीटच्या दुकानांतही विचारून पाहावे. पीएच मीटर घेतल्यास त्याबरोबर ४ आणि ७ पीएचची बफर द्रावणे घ्यावी लागतात आणि मीटर वारंवार जुळवावा लागतो. एका बरणीसाठी पट्ट्याच बऱ्या. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आणि बरणीला चिकटवायची तापमानपट्टी याही वस्तू ऑनलाइन स्वस्त पडतात. तापमानपट्टी मासे पाळणाऱ्यांच्या दुकानातही मिळते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

किटबद्दल माझा मुख्य आक्षेप किमतीचा नाही, जरी सुट्या सामानाची बेरीज केली की किट बरेच महाग पडते. आक्षेप असा की त्यातली एक वस्तू वाईट निघाली तर संपूर्ण किट परत करावे लागते, आणि सजीव वस्तू असल्यामुळे विक्रेता बहुतेक वेळा परत घेत नाही. तरीही काही मागवाल तेव्हा पाकीट उघडतानाचे चित्रण आणि बिल जपून ठेवावे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि तिचे निवारण एका महिन्यात करणे बंधनकारक आहे. तसे झाले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते. मी बुरशीच्या त्या खेपेची तक्रार फोटोंसह केली होती आणि पैसे परत मिळाले, परंतु त्यासाठी चार पत्रे लिहावी लागली. जांभळी नाक्याहून आणलेल्या बरणीचे झाकण घट्ट बसत नव्हते, तेव्हा दुसऱ्या दिवशी ती नुसती समोर ठेवली आणि दुकानदाराने न बोलता बदलून दिली.

तुमचे काम या शनिवारी सुरू होऊ शकते. बरणी आणा, कोमट पाण्याने धुऊन उन्हात वाळवा, पट्ट्या आजच मागवा म्हणजे तोवर येतील. ओळखीत कोंबुचा करणारे कोणी सापडले नाही तर मला कळवा. माझ्या बरणीतला दोनशे मिली आंबट द्रव आणि एक थर मी तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवीन. येताना झाकणाची स्वच्छ काचेची बाटली घेऊन या आणि घरी पोहोचेपर्यंत ती उन्हात ठेवू नका.