सुपरवायझर झालो; कडक राहू की गोडीत घेऊ?

प्रश्न : मी मेकॅनिकल डिप्लोमा केला आहे, वय २४. चाकणच्या एका वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तीन वर्षं क्वालिटीत काम केलं. गेल्या महिन्यात मला मशीनिंग लाइनचा शिफ्ट सुपरवायझर केलं. हाताखाली १८ जण आहेत. सहा परमनंट, त्यातले काही माझ्या वडिलांच्या वयाचे, बाकीचे कंत्राटी आणि आयटीआयचे शिकाऊ. मॅनेजर म्हणतात, ‘कडक राहा.’ आधीचे सुपरवायझर म्हणतात, ‘गोडीत घे.’ कडक वागलो की सगळे गप्प होतात, गोडीत घेतलं की टार्गेट चुकतं. नेमकी कोणती पद्धत धरू? आणि लीडरशिप शिकायला एमबीए करू का?

उत्तर : दोन्ही सल्ले देणाऱ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे, की १८ जणांना एकच पद्धत चालेल. ती चालत नाही. पद्धत आपल्या स्वभावावरून ठरवायची नसते. समोरच्याला ते नेमकं काम किती येतं आणि आत्ता हाताशी वेळ किती आहे, या दोन गोष्टी पाहून ती ठरवायची. त्यातल्या पहिल्या गोष्टीचं उत्तर तुझ्या लाइनच्या बोर्डावरच लावलेलं असेल, स्किल मॅट्रिक्स, म्हणजे कोणाला कोणतं काम किती येतं याचा तक्ता. बऱ्याच ठिकाणी तो फक्त ऑडिटसाठी भरला जातो, आणि तिथेच नुकसान होतं. प्रत्येक नावापुढे, प्रत्येक ऑपरेशनखाली चार भागांचं वर्तुळ असतं. एक भाग भरलेला म्हणजे शिकतोय, दोन म्हणजे देखरेखीखाली करतो, तीन म्हणजे एकट्याने करतो, चार म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. पहिल्या आठवड्यात हा तक्ता स्वतः लाइनवर उभा राहून खरा करून घे. टर्निंगवर ‘चार’ असलेला माणूस ग्राइंडिंगवर ‘एक’ असू शकतो, आणि मग त्याच माणसाशी दोन मशीनवर दोन पद्धतींनी वागावं लागतं.

पॉल हर्सी आणि केन ब्लँचर्ड या व्यवस्थापनतज्ज्ञांनी १९६९ मध्ये साधारण हेच मांडलं होतं : नवख्याला सांगा, थोडं येणाऱ्याला पटवून द्या, येत असूनही बिचकणाऱ्याला सहभागी करून घ्या, तयार माणसावर सोपवा. संशोधनात या सिद्धान्ताला मिळालेला आधार कमी-जास्त आहे, पण शॉपफ्लोअरवर रोजच्या निर्णयाला ही मांडणी उपयोगी पडते.

‘एक’ भाग असलेल्या शिकाऊ मुलाला ‘तुला काय वाटतं?’ विचारणं म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणं. त्याला स्पष्ट, क्रमाने सांगायचं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या कारखान्यांत तयार झालेली आणि पुढे टोयोटाने उचललेली चार पायऱ्यांची पद्धत आजही सर्वांत भरवशाची आहे. आधी काम कशासाठी हे सांगून त्याला तयार कर. मग स्वतः करून दाखव, प्रत्येक पायरीचा मुख्य मुद्दा आणि त्याचं कारण बोलत. मग त्याच्याकडून करून घे, तोंडाने मुद्दे वदवत. शेवटी अडलं तर कोणाला विचारायचं ते सांग आणि तपासणी हळूहळू विरळ कर. कारण सांगण्याची पायरी घाईत गळते आणि तिथूनच रिजेक्शन येतं. समज, जॉबचा, म्हणजे मशीनवर बनणाऱ्या भागाचा, २५.०० मिलिमीटरचा बाहेरचा व्यास २५.०३ आला. मग मशीनला एक्सचा ऑफसेट, म्हणजे व्यासाच्या मापातली दुरुस्ती, उणे ०.०३ द्यायचा. चिन्ह चुकलं तर पुढचा जॉब २५.०६ येईल, तो रीवर्क होईल, म्हणजे पुन्हा कापून मापात आणता येईल. पण पाळी बदलताना जाणारा आणि येणारा अशा दोघांनीही तोच ऑफसेट दिला तर २४.९७, म्हणजे बहुधा थेट भंगार. हे का होतं हे समजलेला मुलगा ऑफसेट देण्याआधी नोंदवहीत आधीची नोंद बघेल. नुसता हुकूम ऐकलेला बघणार नाही.

सर्वांत दुर्लक्षित राहतात ते ‘दोन’वाले. पहिल्या महिन्याचा उत्साह संपलेला असतो, नावावर एक-दोन रिजेक्शन लागलेली असतात, काम सोडायचा विचार सुरू झालेला असतो. यांना सूचनाही हव्यात आणि आधारही. दिवसाआड पाच मिनिटं त्यांच्या मशीनजवळ थांब, एकच चूक घे, एकच सुधारणा ठरव. चूक बाजूला घेऊन सांग, सुधारणा चारचौघांत.

‘तीन’ आणि ‘चार’वाल्यांच्या बाबतीत नवे सुपरवायझर हमखास चुकतात. वीस वर्षं सेटिंग करणाऱ्या माणसाला पायरी-पायरीने सांगितलं की तो अपमान समजतो, आणि त्याचं बरोबरच आहे. त्याला तीन गोष्टी दे : काय साधायचं, कुठली मर्यादा ओलांडायची नाही, आणि किती वाजता बघायला येणार. ‘काका, आज साडेदहापर्यंत मशीन तीनचं सेटिंग बदलून पहिला जॉब पास करून हवा. फिक्स्चरला हात लावायचा तर आधी मला सांगा.’ (फिक्स्चर म्हणजे जॉब घट्ट धरणारं साधन.) एवढंच. मग साडेदहापर्यंत तिथे घुटमळू नकोस. आणि ‘काका, जरा बघता का’ असं मोघम बोलणं म्हणजे मान देणं नव्हे. मान संबोधनात आणि स्वरात ठेव, सूचना मात्र नेमकी असू दे.

रिजेक्शनचं कारण शोधताना, रोटेशन लावताना, टूल ट्रॉलीची जागा ठरवताना सल्ला घे, कारण माहिती ऑपरेटरकडे असते. तीन जाणकार, वीस मिनिटं पुरे. मात्र सुरुवातीलाच सांग : ‘निर्णय मी घेणार, मत तुमचं हवं’ किंवा ‘तुम्ही ठरवाल ते करू’. निर्णय आधीच झालेला असताना विचारण्याचं नाटक केलंस, तर पुढच्या वेळी कोणी तोंड उघडणार नाही.

आता वेळेचा मुद्दा. गार्ड काढून मशीन चालवणं, आग, तेल सांडणं, ग्राहकाकडून संशयित लॉटचा फोन येणं, अशा वेळी मॅट्रिक्स बाजूला ठेवून हुकूमच द्यायचा. एक वाक्य, एक नाव, एक वेळ, आणि समोरच्याकडून ते पुन्हा म्हणवून घ्यायचं. ‘लाइन थांबवा’ असं हवेत ओरडलं की प्रत्येकाला वाटतं दुसरा थांबवेल. प्रसंग निवळल्यावर त्याच पाळीत कारण सांग.

धोका असा की हुकमाने काम झटपट होतं म्हणून माणूस त्यातच राहतो. कर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट या मानसशास्त्रज्ञांनी १९३९ मध्ये सुमारे दहा वर्षांच्या मुलांच्या गटांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं, की हुकूमशाही नेत्याखाली काम भरपूर होत होतं, पण नेता खोलीबाहेर गेला की ते कोसळायचं. सगळ्यांना विचारून चालणाऱ्या गटांत ते बऱ्यापैकी सुरू राहायचं. तुलाही मीटिंगसाठी लाइन सोडून जावं लागतं. शिवाय धाकाखालची माणसं चूक दडवतात. आज लाइनवर न सांगितलेला खराब जॉब महिन्याभराने ग्राहकाकडे सापडतो. तुझी माणसं गप्प होतात म्हणतोस, ती खरोखर काळजीची खूण आहे.

आणखी एक सापळा तुझ्यासारख्या कामात हुशार मुलांचा : कोणी मागे पडला की स्वतः मशीनवर उभं राहणं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल गोलमन यांनी २००० मध्ये ३,८७१ वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या माहितीवरून नेतृत्वाच्या सहा शैली मांडल्या. त्यातल्या नुसता हुकूम देणं आणि स्वतःच वेग लावून इतरांना फरपटत नेणं या दोन शैली कामाचं वातावरण बिघडवतात असं त्यांना आढळलं. तू एका मशीनवर तासभर अडकलास की बाकीच्या लाइनवर कोणाचंच लक्ष नसतं. ब्रेकडाऊनमध्ये हात लाव, पण शेजारी शिकणारा उभा करून.

एमबीएविषयी थोडक्यात. नुसत्या डिप्लोमावर प्रवेश मिळत नाही, आधी किमान तीन वर्षांची पदवी लागते. थेट दुसऱ्या वर्षाला बी.ई. किंवा बी.टेक.चा प्रवेश घेता येतो, काही महाविद्यालयांत नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेत वर्ग चालतात. एमबीएतून फायनान्स, ऑपरेशन्स, मार्केटिंगची ओळख आणि कॅम्पस प्लेसमेंट मिळते. १८ माणसांची पाळी चालवणं मात्र पाळीवरच शिकावं लागतं. माझं स्पष्ट मत, आत्ता पदवीला लाग आणि निदान दोन वर्षं ही लाइन सोडू नकोस. पुढे एमबीएच्या मुलाखतीतही हाच अनुभव बोलेल.

आणि लाइनवर हे सगळं सुरू करण्याआधी मॅनेजरकडून तीन गोष्टी लेखी मागून घे. लाइन थांबवायचा अधिकार तुला आहे का, टूल स्टोअरच्या स्लिपवर तुझी सही चालते का, आणि ओव्हरटाइम व सुट्टी कोण मंजूर करणार. कंत्राटी कामगाराच्या शिस्तीचा विषय एचआर आणि कंत्राटदारामार्फतच ने. हे अधिकार ठरलेले नसतील तर ‘काका, आज सेटिंग तुमच्याकडे’ म्हणूनही इन्सर्टसाठी (टूलच्या बदलायच्या पात्यासाठी) त्यांना अर्धा तास दुसऱ्याच्या सहीची वाट बघावी लागेल, आणि राग तुझ्यावर निघेल.