४०० मीटर ट्रॅकच्या आत पूर्ण मापाचं फुटबॉल मैदान बसतं का?

बसतं, पण कोपऱ्यात अगदी घासून. प्रमाणित ट्रॅकची सरळ बाजू ८४.३९ मीटर आणि वळणाची त्रिज्या ३६.५० मीटर, म्हणजे आतली रुंदी ७३ मीटर. त्यात १०५ × ६८ मीटरचं मैदान आखलं की बाजूला अडीच-अडीच मीटर सुटतात, कॉर्नरच्या झेंड्यापासून ट्रॅकची कड मात्र जेमतेम १ मीटरवर येते. खेळाडू घसरला की थेट कडेवरच! ही ॲल्युमिनियमची कड ५ सेंटिमीटर उंच असते, म्हणून ती काढता येणारीच बसवा आणि सामन्याआधी वळणांवरची काढून ठेवा. शिवाय तिथल्या सिंथेटिक (रबरासारख्या) पृष्ठभागावर कृत्रिम हिरवळीचे तुकडे अंथरा, नाहीतर बुटांच्या तळाच्या स्टडनी (खुंट्यांनी) तो फाटतो. हातोडाफेकीने हिरवळीला खड्डे पडतात, तेही सामन्याआधी बुजवा.