यवतमाळच्या खेड्यात राहून 6,000 मीटरवरच्या शिखराची तयारी कशी करावी?

तुम्ही शेती करता, रोज 10 किलोमीटर धावता आणि पुढच्या ऑगस्टमध्ये लडाखमधल्या कांग यात्से-2 वर (6,250 मीटर) जायचं म्हणता. उत्तम. पण सुरुवात धावण्याने नको, रक्ततपासणीने करा.

आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे आणि वाहकाला (आई-वडिलांपैकी एकाकडूनच दोष आलेल्याला) गावात सहसा काहीच जाणवत नाही. उंचीवर प्राणवायू कमी पडला की वाहकाच्याही तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकू शकतात. मग प्लीहेचा (पोटात डावीकडे असलेल्या अवयवाचा) रक्तपुरवठा अडतो, डाव्या बरगडीखाली जबर कळ येते. प्राथमिक आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटी चाचणी, म्हणजे सिकलसेलची पहिली साधी रक्ततपासणी, करून घ्या. पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस या पुढच्या रक्ततपासणीत वाहक की ग्रस्त (प्रत्यक्ष आजार असलेले) ते कळतं. ग्रस्त असाल तर हे शिखर सोडाच. वाहक असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मोहिमेचा एक रुपयाही भरू नका.

धावून दम वाढतो, चढाईचे पाय बनत नाहीत. गावाजवळची 100 मीटरची टेकडी धरा. पिशवीत 5 लिटर पाण्याची कॅन घेऊन चढा, दर पंधरवड्याला 2 लिटर वाढवत 15 पर्यंत न्या. वर पोचलं की पाणी एखाद्या झाडाला घाला आणि रिकामे उतरा, कारण गुडघे उतारावरच्या ओझ्याने जातात. एका दमात 10 खेपा झाल्या की 1,000 मीटर चढाई होते. शिखराच्या दिवशी साधारण एवढीच असते. उन्हाळ्यात हे पहाटे साडेचारला उरका. चिखलदऱ्याला वैराटच्या उंच टोकावर जाऊनही पायच तयार होतील. 1,200 मीटरच्या आत उंचीची सवय लागत नाही.

क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे खिळे) आणि आइस अ‍ॅक्स (बर्फाची कुऱ्हाड) वापरणं वाचून येत नाही. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा सुमारे 4 आठवड्यांचा बेसिक कोर्स आधी करा. जागा लवकर भरतात, अर्ज आत्ताच टाका.

आता दिवसांचा हिशोब. लेह 3,500 मीटरवर आहे. विमानाने गेलात तर पहिले 2 दिवस नुसता आराम. पुढे झोपण्याची उंची एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर 3-4 दिवसांनी एक मुक्काम तिथेच. हवामानासाठी 2 दिवस राखीव धरून लेहपासून 14 दिवस लावा. कपाशीची फवारणी कोण बघणार, पोळ्याला घरी पोचायचं का, हे आधीच ठरवा. नाहीतर घरच्या ओढीने हेच राखीव दिवस कापले जातात आणि माणूस सवय न होताच वर चढतो.

5,000 मीटरवर पाणी 83-84 अंशांनाच उकळतं, त्यामुळे तुरीची डाळ कुकरशिवाय शिजत नाही. भूकही मरते. शेंगदाणा-गुळाचे लाडू, सातूचं पीठ, जवसाची चटणी असं ओळखीचं न्या. माणशी रोज 4 लिटर पाणी धरा. बर्फ वितळवावा लागला तर गॅस बराच जातो.

शेवटची चढाई मध्यरात्री सुरू करा. सकाळी 10 ला जिथे असाल तिथून परत फिरायचं, हे निघण्याआधीच सगळ्यांनी कबूल करा, कारण उन्हाने बर्फ मऊ पडून पाय रुततात. डोकेदुखीसोबत मळमळ असेल तर त्या दिवशी वर जायचं नाही. सरळ रेषेत एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं टेकवत चालताना तोल गेला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री सोबतीने खाली उतरा, त्रास कमी होईपर्यंत.