गहू सोडल्यावर सिलिअ‍ॅकची तपासणी कशी करायची?

प्रश्न : माझी मुलगी २२ वर्षांची आहे. पोट फुगायचं, मधूनच जुलाब व्हायचे, हिमोग्लोबिन नऊच्या वर जायचं नाही. लोहाच्या गोळ्यांनीही फरक पडला नाही. जिममधल्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून तिनं आठ महिन्यांपूर्वी गहू पूर्ण सोडला आणि तिला बरं वाटू लागलं. मग आम्ही सिलिअ‍ॅक, म्हणजे गव्हामुळे आतड्याला इजा होणारा आजार, ओळखण्यासाठी टीटीजी ही रक्ततपासणी केली, ती निगेटिव्ह आली. सीबीसीत मात्र लिम्फोसाइट, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, ४६ टक्के दाखवल्या आहेत. मेलबर्नचा माझा भाचा म्हणतो की, गहू न खाताही रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशींवरून सिलिअ‍ॅक ओळखणारी तपासणी तिकडे निघाली आहे. ती पुण्यात कुठे होते? की मुलीला पुन्हा पोळ्या खायला घालायच्या?
— एक आई, सहकारनगर

उत्तर : ते ४६ टक्के आधी डोक्यातून काढून टाका. साधा सर्दी-ताप होऊन गेला तरी लिम्फोसाइट एवढ्या वर जातात. सीबीसीचं मशीन त्या पेशी फक्त मोजतं. त्यातली कोणती पेशी कशावर चिडलेली आहे, हे त्याला कळत नाही. सिलिअ‍ॅकमध्ये नेमकं तेच तर कळायला हवं असतं.

गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन आपल्याला धड पचत नाही, कुणालाच नाही. त्याचे लांबट तुकडे तसेच आतड्यात उरतात. टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज, म्हणजे टीटीजी, नावाचं एन्झाइम त्या तुकड्यांत थोडा रासायनिक फेरफार करतं. ज्यांच्या पेशींवर डीक्यू २ किंवा डीक्यू ८ ही जनुकीय खूण असते, त्यांच्यात हे बदललेले तुकडे त्या डीक्यू रेणूच्या खाचेत घट्ट बसतात. तिथे ते टी-पेशींना, म्हणजे लिम्फोसाइटमधल्याच एका प्रकाराला, दिसतात, त्या चवताळतात आणि आतड्याच्या अस्तराची नासधूस सुरू होते. शरीर टीटीजीविरुद्ध अँटिबॉडीही तयार करू लागतं. तुम्ही तपासलीत ती ही अँटिबॉडी. गहू थांबला की ती काही महिन्यांत उतरू लागते. तेव्हा आठ महिन्यांनी आलेल्या त्या निगेटिव्ह रिपोर्टवरून सिलिअ‍ॅक नाही, असं मुळीच म्हणता येणार नाही. गहू कधीपासून बंद आहे, हे रक्त घेण्याआधीच विचारायला हवं होतं. टोटल आयजीए, म्हणजे या प्रकारच्या सगळ्या अँटिबॉडींची मोजणी, केली होती का, तेही रिपोर्टवर बघा. सिलिअ‍ॅकच्या शंभरातल्या दोन-तीन रुग्णांच्या रक्तात आयजीएच नसतं, आणि मग गहू खात असतानाही ही तपासणी चकवते.

आता भाच्याच्या बातमीकडे वळू. बातमी खरी आहे. अँटिबॉडी ओसरली तरी ग्लुटेन ओळखणाऱ्या टी-पेशी आठवण धरून वर्षानुवर्षं राहतात. अडचण एवढीच की, रक्तात त्या लाखात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात. ऑस्लोच्या संशोधकांनी ग्लुटेनचा तुकडा बसवलेले डीक्यूचे रेणू तयार केले, त्यांना चमकणारा रंग जोडला आणि त्यांना चिकटणाऱ्या पेशी फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे एकेक पेशी तपासणाऱ्या यंत्रावर, वेचून काढल्या. गहू सोडलेले सिलिअ‍ॅकचे रुग्णही यातून ओळखू येतात, हे त्यांनी २०१८ मध्ये दाखवलं. मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलायझा हॉल संस्थेची पद्धत आणखी सुटसुटीत आहे. रक्ताच्या नळीतच ग्लुटेनचे तुकडे घालायचे, रक्त उबेत ठेवायचं आणि इंटरल्यूकिन-२ हा संदेशरेणू बाहेर पडतो का, ते मोजायचं. म्हणजे गहू नळीला खायला घालायचा, माणसाला नाही! २०२५ मध्ये १८१ जणांवरचा त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ९० टक्क्यांपर्यंत रुग्ण पकडले गेले आणि आजार नसलेल्यांपैकी ९७ टक्के बरोबर वगळले गेले. मात्र ही कामगिरी मुख्यतः डीक्यू २ मधला डीक्यू २.५ हा प्रकार असलेल्या रुग्णांमधली आहे.

मी पॅथॉलॉजिस्ट, त्यामुळे हे वाचताना माझे डोळे लकाकतात. पण १८१ म्हणजे फार नव्हेत. ही तपासणी अजून संशोधनाच्या टप्प्यावर आहे. पुण्यातल्या एखाद्या लॅबनं ‘सिलिअ‍ॅक टी-सेल टेस्ट’ म्हणून काही पुढे केलंच, तर नेमकं काय मोजणार ते लेखी मागा. बहुतेक वेळा दोनशे खाद्यपदार्थांविरुद्धच्या आयजीजी अँटिबॉडी मोजणारं पॅनेल गळ्यात पडतं. ते पॅनेल सिलिअ‍ॅकबद्दल काहीही सांगत नाही. आमच्याच धंद्यातली ही गोष्ट लिहायला मला संकोच वाटत नाही.

मग तुम्ही काय करायचं? पहिली पायरी एचएलए डीक्यू २ / डीक्यू ८ ची, म्हणजे वर सांगितलेल्या जनुकीय खुणांची तपासणी. ती रक्तावर होते आणि गहू खाण्या-न खाण्याशी तिचा संबंध नाही. दोन्ही खुणा नसतील तर सिलिअ‍ॅक जवळजवळ बाद. मग हिमोग्लोबिन का चढत नाही, याचं कारण दुसरीकडे शोधायचं. बरं वाटलं त्याचं श्रेय कदाचित फ्रुक्टान्स कमी होण्याला द्यावं लागेल. ही कर्बोदकं गव्हात असतात तशी कांदा-लसणातही असतात आणि काहींचं पोट फुगवतात. खूण सापडली तर मात्र एवढ्यानं निदान होत नाही, कारण साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या लोकांत ती असतेच.

तेव्हा हो, पोळ्या खायला घालायच्या. पण गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजिस्टच्या देखरेखीखाली, आणि परीक्षा नसतील अशा दिवसांत. रोज दोन मध्यम पोळ्या, जमलं तर सहा ते आठ आठवडे. फारच त्रास झाला तर किमान दोन आठवडे. त्यानंतर टीटीजी, टोटल आयजीए आणि एन्डोस्कोपी. ड्युओडेनममधून, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागातून, तपासणीसाठी चार तुकडे आणि त्याच्या सुरुवातीच्या फुगीर भागातून एक-दोन तरी हवेत, कारण झीज सगळीकडे सारखी नसते. इथे माझी एक जुनी कुरकुर आहे. तुकडा फॉर्मलिनमध्ये नुसता टाकून देतात. तो गुंडाळला जातो, काप तिरका पडतो आणि अस्तरावरचे निरोगी रसांकुरही (बोटांसारखे बारीक उंचवटे) सपाट दिसतात. तुकडा गाळणकागदावर नीट पसरून पाठवा, एवढं डॉक्टरांना सांगायला लाजू नका.

‘बरं वाटतंय ना, मग कशाला एवढा खटाटोप?’ असं मुलगी म्हणेल. नुसता गहू सोसत नसेल तर गणपतीत एखादा मोतीचुराचा लाडू सोडून पुरणपोळी खाल्ली तरी फार तर पोट बिघडेल. सिलिअ‍ॅक असेल तर कणभर गहूही जन्मभर वर्ज्य, हाडांची घनता तपासायची, थायरॉइड बघायचं. शिवाय तुमचीही टीटीजी करायची, तिच्या वडिलांची आणि भावंडांचीही. सख्ख्या नात्यात दहा-पंधरा जणांमागे एकाला हा आजार निघतो. ‘हा पंजाबकडचा आजार’ असं पुण्यात अजून ऐकू येतं. २०१६ च्या एका मोठ्या भारतीय पाहणीत उत्तरेत १.२३ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के लोकांत या अँटिबॉडी सापडल्या, पण डीक्यूच्या खुणा दोन्हीकडे साधारण सारख्याच होत्या. फरक होता तो ताटातल्या गव्हाचा. आपल्या ताटात भाकरी उरली आहे किती, ते तुम्हीच बघा.

प्रश्न : सहा वर्षांच्या नातवाची टीटीजी मर्यादेच्या बारापट आली आहे. एन्डोस्कोपी टाळता येईल का? — एक आजोबा, चिंचवड

उत्तर : येऊ शकेल. युरोपीय बालपोटविकारतज्ज्ञांच्या २०२० च्या नियमांप्रमाणे टीटीजी-आयजीए दहापट किंवा जास्त असेल आणि वेगळ्या दिवशी घेतलेल्या रक्तात एन्डोमायसियल अँटिबॉडी ही सिलिअ‍ॅकमधली दुसरी अँटिबॉडीही पॉझिटिव्ह आली, तर मुलांमध्ये बायोप्सीवाचून, म्हणजे आतड्याचा तुकडा न काढता, निदान करता येतं. निर्णय मुलांच्या पोटविकारतज्ज्ञांनी घ्यायचा. दुसरं रक्त देईपर्यंत आजींना सांगा, नातवाची पोळी चालूच ठेवा.

प्रश्न : बायोप्सीनं निदान झालं, वर्षभर ज्वारीचीच भाकरी खाते. तरी टीटीजी म्हणावी तशी उतरत नाही. — एक वाचक, नारायण पेठ

उत्तर : ज्वारी दळता कुठे? कोपऱ्यावरच्या गिरणीत तुमच्या आधी कुणाचा तरी गहू दळलेला असतो आणि तुमच्या डब्यात तो थोडा येतोच. घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू कधीही घालू नका. मेतकूट बंद, त्यात गहू असतो. विकतच्या थालीपीठाच्या भाजणीतही बरेचदा असतो. हिंगाची डबी उलटी करून घटक वाचा, बहुतेकांत मैदा मिसळलेला असतो. पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ छापलं असेल तर भारतीय नियमानुसार किलोत २० मिलिग्रॅमपर्यंतच ग्लुटेन चालतं, तेवढं तुम्हाला पुरेसं सुरक्षित आहे. हे बदल करून सहा महिन्यांनी पुन्हा रक्त द्या, आणि शक्यतो त्याच लॅबमध्ये, कारण प्रत्येक किटची मर्यादा वेगळी असते.